घाट नाही म्हणून रडू नका: नागपूरच्या सपाट रोडवर सायकलची पॉवर कशी वाढवायची

नागपुरातल्या कुठल्याही सायकल ग्रुपात हा विषय वर्षातून दोन-चारदा तरी निघतोच. कोणीतरी म्हणतं, भाऊ आपल्याकडे घाट कुठं आहे, पुण्या-नाशिकवाले घराबाहेर पडले की चढ, आपण इथं सपाटीवर कायची पॉवर वाढवणार. दुसरा म्हणतो सेमिनरी हिल्सच्या टेकडीचे राउंड मार ना बाप्पा. तिसरा स्मार्ट ट्रेनर, म्हणजे घरातच सायकल लावून चालवायचं मशीन, घ्यायला सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे परत तेच करतात, फुटाळा तलावावर भेटायचं, गप्पा मारत तीस-चाळीस किलोमीटर हाणायचे, शेवटच्या दोन किलोमीटरला कोणीतरी पळवतो म्हणून बाकीचे पळतात, मग तर्री पोहे. मजा येते, त्यात वादच नाही. फक्त यानं पॉवर वाढत नाही.

याच गावातल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका, म्हणजे साधारण ४,८०० किलोमीटर, सोलो पूर्ण केली. त्यामुळे घाट नाही हे कारण निदान नागपुरात तरी चालणार नाही. माझं तर म्हणणं असं की सपाटीवरची पॉवर कमावणं जास्त अवघड आहे. घाटात डोंगरच तुमच्याकडून जोर काढून घेतो, पाय थांबले तर सायकल थांबते. सपाटीवर पाय थांबले तरी सायकल चालतच राहते, म्हणून आपण सारखे पाय थांबवत राहतो आणि ते कळतही नाही. खाली जे काही सांगतोय ते फिरून फिरून याच एका गोष्टीवर येणार आहे, की सपाटीवर जोर मध्येच न तोडता लावत कसं राहायचं.

आधी हवेचा हिशोब

सपाटीवर तुमची कुस्ती हवेशी असते, वजनाशी नाही. हवा कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या हिशोबानं वाढते, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट जोर. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, हात हूड्सवर म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर, वारा पडलेला आणि रोड बरा असं धरून ढोबळ आकडे काढले तर २५ च्या वेगाला साधारण ९० वॅट लागतात, ३० ला १४५, ३५ ला २१० आणि ४० ला ३०० च्या आसपास. आता नीट बघा, २५ वरून ३० वर जायला ५५ वॅट पुरले, पण ३५ वरून ४० वर जायला ९० लागले. म्हणूनच ३० चा ॲव्हरेज पटकन येतो, आणि मग ३३ वर गाडी जी अडते ती वर्षभर अडूनच राहते.

आणि वजन? पाच किलो कमी केले तर ३५ च्या वेगात सपाटीवर तुम्हाला दोन-अडीच वॅट वाचतात. बस. चढावर वजनाला मोल आहे, इथं फार नाही, त्यामुळे दणकट बांध्याच्या लोकांनी उगाच वाईट वाटून घेऊ नये, नागपूर तुमच्यासाठीच बनलंय. इटलीच्या फिलिप्पो गान्नानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर मारून रेकॉर्ड केला, तो गडी ऐंशी किलोच्या वरचा आहे.

तर सपाटीवर फास्ट व्हायचे रस्ते दोनच, वॅट वाढवा किंवा हवेला कमी अंग दाखवा. दोन्ही एकदमच करायचं, कारण सरळ बसून कमावलेले वॅट खाली वाकून बसलं की निघत नाहीत. ते पुढं सांगतो.

स्पीड बघणं सोडा

हे पहिलं आणि सगळ्यात जिवावर येणारं काम. कारण आपण सगळे ॲव्हरेज स्पीडचे भुकेले, राइड संपली की आधी तेच बघतो. पण सपाटीवर स्पीड फार खोटं बोलतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा अमरावती रोडनं जाताना तो छातीवर आणि येताना पाठीशी. जाताना २५ निघतो तर आपण चिडून नको तेवढं ताणतो, येताना ४० दिसतं म्हणून खूश होऊन आरामात पाय फिरवत येतो. म्हणजे ट्रेनिंग झालं उलटंच. आणि जाताना गमावलेलं येताना भरून निघेल हेही डोक्यातून काढा, २० किलोमीटर २५ नं गेलात तर ४८ मिनिटं, तेच २० किलोमीटर ४० नं आलात तर ३० मिनिटं, एकूण ७८, ॲव्हरेज ३१ पण नाही भरत.

त्यामुळे जोर मोजा. पॉवर मीटर, म्हणजे पायाचा जोर वॅटमध्ये दाखवणारं यंत्र, असेल तर उत्तमच. नसेल तर छातीचा हार्ट रेट पट्टा चालतो, मनगटावरचं घड्याळ इंटरव्हलमध्ये, म्हणजे काही मिनिटं जोर मग आराम असे तुकडे करताना, उशिरा रिॲक्ट करतं आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांत भलतंच काहीतरी दाखवतं. आणि काहीच नसेल तर तोंड आहे. पूर्ण वाक्यं बोलता येतात तो झोन टू. दोन-तीन शब्दांत श्वास घ्यावा लागतो तो थ्रेशोल्ड. समोरच्यानं काही विचारलं आणि त्याला शिवी द्यावीशी वाटते पण तेवढाही दम नाही, तो त्याच्या वरचा.

टेस्ट एकदा करायचीच. वीस मिनिटांची करा, आधी अर्धा तास नीट वॉर्मअप, त्यात मिनिट-मिनिटभराचे दोन-तीन जोर, मग २० मिनिटं जेवढं सलग धरता येईल तेवढं. आलेल्या ॲव्हरेज वॅटच्या ९५ टक्के म्हणजे तुमची एफटीपी, साधारण तासभर धरता येईल एवढी पॉवर. २१० आले तर एफटीपी २०० धरा. हार्ट रेटवाल्यांनी ३० मिनिटं एकट्यानं जोरात मारायची आणि त्यातल्या शेवटच्या २० मिनिटांचा ॲव्हरेज हार्ट रेट हा आपला थ्रेशोल्ड समजायचा. पहिली तीन मिनिटं जपून. सगळे तिथंच मरतात, ताजे पाय असतात म्हणून २५० नं सुटतात आणि बाराव्या मिनिटाला १७० वर येऊन लोंबकळतात.

टेस्टला जागा मात्र विचार करून निवडा. वीस मिनिटं न थांबता म्हणजे दहा-बारा किलोमीटर मोकळा रोड हवा, शहरात सिग्नल आणि राँग साइडवाले बघता ते होणे नाही. आउटर रिंग रोडचा एखादा लांब पट्टा, नाहीतर अमरावती रोडला वाडी-गोंडखैरी मागं टाकून बाजारगावच्या बाजूला, असं काहीतरी. सकाळी लवकर, मागचा लाल लाइट चालू, हेल्मेट, एका कानात पण इअरफोन नको. वर्धा रोडला खापरी ते बुटीबोरी ट्रक फार, त्याची सवय असेल तरच. आणि समृद्धी दिसायला कितीही देखणा असला तरी तिथं सायकल काय, मोटरसायकललाही बंदी आहे, तेव्हा तो विषयच नको.

पाय थांबवू नका

इंटरव्हलच्या आधी हे एक करून बघा. पुढच्या राइडला नेहमीसारखंच चालवा, फक्त किती वेळा पॅडल मारणं थांबतं तेवढंच मनात टिपत जा. पुलाच्या छोट्या उतारावर थांबलं, पुढच्याच्या मागं जास्त जवळ आलो म्हणून थांबलं, पाणी प्यायला थांबलं, कुत्रं दिसलं थांबलं, उगाचच थांबलं. ज्यांच्याकडे पॉवर मीटर आहे त्यांनी फाइल उघडून शून्य वॅटची मिनिटं बघावी, दोन तासांच्या ग्रुप राइडमध्ये ती मिनिटं पाहून धक्काच बसतो. घाटातल्या तासाभरात असं शून्य जवळपास नसतंच. घाटवाले आपल्याला भारी वाटतात त्याचं बरंचसं कारण हेच.

म्हणून पहिले तीन-चार आठवडे एकच नियम, झोन टूच्या राइडमध्ये पाय फिरतेच ठेवायचे. एफटीपी २०० असेल तर ११० ते १५० वॅटच्या मधे, दीड-दोन तास, सलग. पाणी पिताना पाय चालू. हलका उतार आला तर गिअर जड करून चालू. ग्रुपमध्ये पुढच्याच्या जवळ आलात तर थोडं बाजूला सरकून हवा अंगावर घ्या, पण पाय चालू. वाचायला एकदम फालतू वाटतं. करून बघा, दोन तासांनी पाय नेहमीच्या शंभर किलोमीटरसारखे बोलतात.

आता कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलचे किती फेरे. आपल्याकडे जड गिअर मारण्यात एक मर्दानगी आहे, ५०×१५ (पुढं ५० दात, मागं १५) टाकून ठोकत राहायचं. गणित असं की ५०×१५ वर ७५ च्या कॅडन्सला जो वेग येतो, नेमका तोच वेग ५०×१८ वर ९० ला येतो, दोन्हीकडे साधारण ३१.५. वॅट पण सारखेच. फरक एवढाच की पहिल्यात प्रत्येक दाबाला मांडीचे स्नायू जास्त खर्च होतात आणि दुसऱ्यात दम जास्त लागतो. दम दोन मिनिटांत परत येतो, मांडी भरून आली की त्या दिवशी काही परत येत नाही. सपाटीवर ८५ ते ९५ च्या मधे बहुतेकांचं नीट जमतं. ज्यांना ७० ची सवय आहे त्यांनी एकदम ९५ वर उडी मारू नका, सीटवर उसळायला लागाल. आठवड्यातून एकदा वॉर्मअपमध्ये मिनिटभर १०५-११०, मिनिटभर आराम, असं पाच-सहा वेळा करा, महिन्याभरात ९० आपोआप बसतं.

इंटरव्हल: खरं काम इथं

आठवड्यातून दोन दिवस. तीन नको, नोकरीवाल्या माणसाला तीन झेपत नाहीत, तिसऱ्या दिवशी अर्धवटच होतं आणि उरलेला आठवडा बिघडतो.

सुरुवात स्वीट स्पॉटनं करा, म्हणजे एफटीपीच्या ८८ ते ९४ टक्के, २०० वाल्याला १७६ ते १८८ वॅट. पहिल्या आठवड्यात १० मिनिटांचे तीन, मधे पाच मिनिटं हलकं. मग १२ चे तीन, मग १५ चे तीन, मग २० चे दोन. हे वॅट पहिल्या पाच मिनिटांत इतके सोपे वाटतात की आपण काहीतरी चुकीचं करून राहिलो असं वाटतं. वाढवू नका, धरून ठेवा. सपाट रोडवर १८० वॅट २० मिनिटं एका रेषेत धरणं हे २२० आणि १४० च्या मधे झोके खात १८० ॲव्हरेज काढण्यापेक्षा अगदी वेगळं काम आहे.

चार आठवड्यांनी थ्रेशोल्ड. ८ मिनिटांचे चार, एफटीपीच्या जवळपास शंभर टक्के, मधे चार मिनिटं आराम. पुढं १२ चे तीन. आठ मिनिटांच्या चारांतला चौथा इंटरव्हल कसा जातो ते जरा तपशिलात सांगतो, कारण सगळं शिकणं तिथंच आहे. पहिली दोन मिनिटं ठीक. तिसऱ्याला खांदे हळूहळू कानाकडे चढायला लागतात, हे आपलं आपल्याला दिसत नाही. चौथ्याला ड्रॉप्सवरचे, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावरचे, हात उचलून हूड्सवर येतात आणि मन म्हणतं फक्त दोन सेकंद पाठ सरळ करतो. तेवढ्यात छाती हवेत उभी राहते, वॅट तेच पण वेग दीड-दोन किलोमीटरनं पडतो, तो पडलेला बघून आपण गिअर एक जड टाकतो, कॅडन्स ९० वरून ७८ वर येतो, आणि सहाव्या मिनिटाला मांडी बंद. खरं तर दम संपलेलाच नव्हता, फक्त बसणं बिघडलं होतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मुद्दाम तीन गोष्टी तपासायच्या, खांदे खाली, कोपरं वाकलेली, बोटं सैल. हँडल पियानो वाजवता येईल इतकंच धरलेलं हवं. आणि अडचण आली तर गिअर एक हलका करायचा, जड नाही. वेग पडला तर पडू द्या, आपण स्पीड बघणं सोडलंय ना.

मग ओव्हर-अंडर. दोन मिनिटं ९५ टक्क्यांवर, एक मिनिट १०५ वर, परत दोन ९५, एक १०५, असं १२ मिनिटं, आणि असे दोन किंवा तीन. सपाट रोडवर असंच तर घडत असतं, ट्रक बाजूनं गेला हवा बदलली, झाडी संपली आणि वारा लागला, कोणीतरी ओढलं. १०५ वरून परत ९५ वर यायचं, ५० वर नाही, यातच सगळी गंमत. आराम न घेता दम परत मिळवायला शरीर इथं शिकतं.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत व्हीओटू, म्हणजे थ्रेशोल्डच्या वरचे, दम काढणारे छोटे इंटरव्हल. तीन मिनिटांचे पाच, ११५ टक्क्यांच्या आसपास, मधे तीन मिनिटं. २०० वाल्याला २३० वॅट. नाहीतर ३० सेकंद जोर, १५ सेकंद हलकं, असे तेरा, मग तीन मिनिटं आराम, परत. हे सगळ्यात घाण वाटतं आणि सगळ्यात लवकर गुण देतं, पण आधीचा पाया नसताना उडी मारली तर तीन आठवड्यांत थकून घरी बसाल.

वारा हाच आपला घाट

ज्या सकाळी वारा असतो त्या सकाळी ग्रुपात हळूहळू एकेक जण कॅन्सल करतो. तेच तर दिवस. वाऱ्याच्या तोंडावर सायकल धरा, ५०×१३ टाका, कॅडन्स ५५ ते ६०, जोर टेम्पोचा म्हणजे एफटीपीच्या ८० ते ८५ टक्के, पाच मिनिटं, बसूनच. वेग २७-२९ दिसेल. असे चार, मधे पाच मिनिटं हलक्या गिअरवर. घाटात जो संथ जड दाब मिळतो तो यातून बऱ्यापैकी मिळतो. वर मी जड गिअरला नावं ठेवली आणि इथं तोच सांगतोय, कारण हा ड्रिल आहे, आठवड्यातून एकदाच, रोजची स्टाइल नाही. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं झालं की त्याच क्षणी बंद. बऱ्याचदा सीट खाली असते म्हणून होतं. टाच पॅडलवर ठेवून पाय पूर्ण खाली नेला तर गुडघा जवळपास सरळ झाला पाहिजे, एवढं घरीच भिंतीला टेकून तपासता येतं.

आणि साधी राइड असली तरी वाऱ्यात पेसिंग लक्षात ठेवा, समोरून वारा असताना किंचित जास्त जोर, पाठीशी असताना किंचित कमी. वाऱ्यात वेळ जास्त जातो, म्हणून तिथं लावलेले दहा वॅट जास्त वसूल होतात.

बसणं

हूड्सवर हात सरळ ठेवून बसण्याऐवजी कोपरं ९० अंशात वाकवली आणि डोकं खांद्यांच्या मधे घेतलं तर ३५ च्या वेगात साधारण २५ वॅट वाचू शकतात. २५ वॅट ट्रेनिंगनं कमवायला कित्येकांना अख्खा सीझन लागतो राजेहो, आणि हे फुकट आहे. पण खाली वाकलं की मांडी आणि पोटातला कोन बंद होतो, श्वास अडतो, वॅट पडतात. त्यावर उपाय एकच, इंटरव्हल त्याच पोझिशनमध्ये करा. आधी १० पैकी दोन मिनिटं ड्रॉप्सवर, मग चार, मग सगळी. जोडीला प्लँक आणि हॅमस्ट्रिंगचं स्ट्रेचिंग. ढगळ टीशर्ट फडफडत असेल तर तो बदला, रेसिंग जर्सीच हवी असं नाही, अंगाला बसणारा कुठलाही चालतो.

टायरचं पण इथंच सांगून टाकतो. आपल्याकडे अर्धं शहर सिमेंट रोड, प्रत्येक सांध्याला धडक. लोक ट्यूब टायरमध्ये १०० पीएसआय ठासतात आणि मग प्रत्येक सांध्यावर सायकल उडते, उडाली की पॉवर वाया. ७० किलोच्या माणसानं २८ मिमीच्या टायरमध्ये ७०-७५ पीएसआय ठेवून बघावं, हाताला मुंग्या पण कमी येतात. चेन स्वच्छ ठेवा. बाकी कार्बन व्हील वगैरे नंतर, पैसे वर आले असतील तर.

आठवडा कसा लावायचा

मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी इंटरव्हल किंवा वाऱ्याचा ड्रिल, रविवारी लांब झोन टू अडीच-तीन तास, त्यात शेवटच्या तासात २० मिनिटं स्वीट स्पॉट. मधले एक-दोन दिवस तासभर हलकं किंवा काहीच नाही. शनिवारी ग्रुप राइड करायची तर करा, ती सोडायला मी सांगत नाही, फक्त तिला ट्रेनिंग समजू नका. पुढच्याच्या चाकामागं चिकटलात तर २५-३० टक्के कमी जोर लागतो. तिथं शिकायचं ते टर्न घेणं, पुढं आलात की वेग न वाढवता मिनिट-दोन मिनिटं तोच धरायचा आणि बाजूला व्हायचं. पुढं येताच ३२ चे ३८ करणारे वीर प्रत्येक ग्रुपात असतात, मागचा ग्रुप फुटतो आणि ते वळून बघतात की कोणी का येईना.

तीन आठवडे वाढवत न्या, चौथ्यात वेळ निम्मा करा. हे कोणी करत नाही. पॉवर त्या चौथ्या आठवड्यातच वाढते, थकवा उतरल्यावर.

जिम असेल तर आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट, स्टेप-अप, जड आणि कमी रेप्स, इंटरव्हलच्या दिवशीच संध्याकाळी, म्हणजे हलका दिवस खरंच हलका राहतो.

नागपूरचं ऊन आणि खाणं

मेमध्ये ४५ पार जातं, त्याचं नाटक करायला नको आणि त्याकडे दुर्लक्षही नको. साडेपाचला उजाडतं, पाचला निघा, सातपर्यंत घरी. उन्हात तेवढ्याच वॅटला हार्ट रेट दहा-पंधरानं वर असतो, तेव्हा हार्ट रेटवाल्यांनी उन्हाळ्यात इंटरव्हल दमावर करावेत. नव्या उष्णतेला शरीर रुळायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर जोर कमी ठेवा. अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, घाम थांबला किंवा चक्कर आली तर राइड तिथंच संपली, सावलीत बसा, डोक्यावर पाणी ओता, कोणालातरी फोन करा. आणि बरं वाटत नसेल, बोलणं बरळल्यासारखं होत असेल तर घरी नाही, सरळ दवाखान्यात.

ट्रेनरवाल्यांसाठी, मेमध्ये समोर कूलर लावा, कोरड्या हवेत मस्त चालतो. जुलैत तोच कूलर खोली दमट करून टाकतो, तेव्हा साधा मोठा फॅन, खिडकी उघडी.

दीड तासाच्या वरच्या राइडला तासाला ६० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत. एका केळ्यात २५ च्या आसपास. महागडी जेल लागत नाही, ७५० मिलीच्या बाटलीत चार मोठे चमचे साखर, अर्धं लिंबू, पाव चमचा मीठ, साधारण ५० ग्रॅमचं काम झालं. इंटरव्हलच्या आधी तर्री पोहे नको, तो तेलाचा आणि तिखटाचा हिशोब तिसऱ्या इंटरव्हलला घशाशी येतो. आधी एखादं केळं, दोन ब्रेड-जॅम, पोहे परत येताना. आणि पहिल्या अर्ध्या तासातच खायला सुरू करा, भूक लागल्यावर खाल्लेलं कामाला यायला उशीर होतो.

आठ ते दहा आठवड्यांनी परत टेस्ट. तोच पट्टा, तीच वेळ, तेवढाच वॉर्मअप, शक्यतो वारा पडलेला दिवस. मे आणि डिसेंबरच्या टेस्टची तुलना करू नका, डिसेंबरच्या थंडीत तेच पाय बरेच वॅट जास्त देतात. नवीन एफटीपी आली की सगळे झोन नव्यानं काढा. आणि आकडा फार हलला नसेल तर लगेच ट्रेनिंगला दोष देण्याआधी फाइल उघडून शून्य वॅटची मिनिटं मोजा, ती कमी झाली असतील तर २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडला, साडेतेरा तासांच्या लिमिटच्या पुष्कळ आधी पोचाल, एफटीपी तीच असली तरी.